गाडी नापास झाल्याचा कागद

रेनातो,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहून ठेवतेय. मी परत आपल्या आईकडे इस्पितळात चाललेय. सोबतचा कागद बघ. विम्याचे कागद शोधताना गाडीच्या कप्प्यात सापडला. तपासणीत गाडी नापास: पुढचे ब्रेक पॅड संपलेले, ब्रेक ऑइलची नळी गळकी, खालचा पत्रा गंजून गेलेला. तीन आठवडे झाले याला. आणि तू आम्हाला काय सांगितलंस? "पास झाली! म्हातारी अजून घोड्यासारखी पळतेय!"

लाज कशी वाटली नाही तुला? वालपाराइसोच्या या उतारांवरून आई रोज त्याच गाडीने शाळेत शिकवायला जाते. काल ब्रेक लागलाच नाही. पुढे बसथांब्यावर माणसं उभी होती, म्हणून तिने गाडी भिंतीवर घातली. मनगट मोडलंय.

वर ती सगळ्यांना सांगतेय, "वय झालं माझं. ब्रेक समजून दुसरंच काही दाबलं असेल मी." किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि तोंड फिरवून रडली.

चार वाजता तिला शस्त्रक्रियेला नेतील. त्याआधी ये आणि तिला खरं काय ते सांग. तुझ्या तोंडाने सांग.

इसाउरा