मागे वाढलेलं ताट

माय,

काल तुझ्या पणतीचं जावळ काढायला आम्ही मार्कंड्याला गेलो होतो. वाटेत गोंडपिपरीच्या पुढे एका हॉटेलात जेवायला थांबलो आणि तिथे माझं भांडण झालं. यात नवल काही नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी समोरचा चुकीचं बोलला की माझं तोंड आपोआप उघडतं. तुझी नात म्हणते, आईला घेऊन बाहेर जेवायला जायचं म्हणजे मला आधी मॅनेजरचीच दया येते. पण कालचं भांडण मी अर्ध्यावर सोडलं. असं आजवर कधी झालं नव्हतं, आणि का झालं ते कळेल असं माणूस तू एकटीच होतीस. म्हणून दुपारची झोप सोडून लिहायला बसले आहे.

तुला वाचता येत नव्हतं, हे मी विसरलेले नाही. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात तू सिस्टरांचा भात रांधायचीस, म्हणून मला त्या शाळेत घेतलं होतं. माझं प्रगतिपुस्तक मीच तुला वाचून दाखवायचे आणि वागणुकीचा शेरा तेवढा गाळायचे. तू शेवटी विचारायचीस, "येवढंच हाये का?" आणि मी म्हणायचे, "एवढंच." मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली हॉलमध्ये डबे उघडायच्या, आणि मी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर तुझ्याजवळ बसून गरम भात खायचे. त्या पायरीवर कढीलिंबाच्या झाडाची सावली पडायची. आत पातेल्यावर झाकण थरथरत असायचं, आणि तू माझ्या पानात आणखी एक मूठ वाढायचीस. तसं जेवण पुन्हा जेवले नाही. पण तेव्हा माझं सगळं लक्ष हॉलकडे असायचं.

तुझी नात, जी तुला सहा महिन्यांची आठवत असेल, ती आता बेचाळीस वर्षांची आहे. तिला मूल फार उशिरा झालं, इतक्या उशिरा की मी वाट बघणं सोडून दिलं होतं. काल ती गाडी चालवत होती. मी मागे, आणि माझ्या शेजारी बाळ, पट्ट्यांनी बांधलेल्या खुर्चीत, विमान चालवणाऱ्यासारखं ऐटीत. सकाळी धुकं होतं. बांध्यांमधला धान कधीच कापून झालाय आणि त्यात लाखोळीच्या पिकाला निळी फुलं आलीत. धुक्यातून बघताना वाटत होतं, कुणीतरी शेतात आभाळाचे तुकडे वाळत घातलेत. मग साग सुरू झाले. बाळाची मान हळूहळू कलते, तोंड उघडं राहतं, ओठ झोपेतच दूध पितात. मलाही डुलकी लागते. डोळे उघडतात तेव्हा क्षणभर कळत नाही की शेजारी निजलंय ते कोण, मुलगी की नात, आणि बाहेरचे साग आत्ताचे की तेव्हाचे. तेव्हा गाडी नव्हती, वनखात्याची जीप होती, आणि बाळ तुझ्या मांडीवर होतं.

हॉटेल नवं आहे. काचेचं दार, भिंतीवर प्लास्टिकची वेल, आणि टीव्ही एवढा मोठ्याने की वाघसुद्धा रस्ता बदलेल. तुझ्या नातीने बाळासाठी उंच खुर्ची मागितली. आली, पण तिचा पट्टा तुटलेला, आणि पुढच्या फळीवर आधीच्या कुणाचं तरी वरण वाळलेलं. मी ती परत पाठवली. बाळाला मांडीवर घेऊन हात धुण्याच्या बेसिनजवळच्या बाकावर बसले, कारण तिला नळाचं पाणी बघायला आवडतं. तोवर बाळाने माझा अंबाडा सोडला होता, खांद्यावर दूध काढलं होतं, आणि मी चपला काढून पाय बाकावर घेतले होते. पदरावर तुझी कांस्याची वाटी. घरून आणलेला मऊ भात मी तिच्यात बोटांनी कुस्करत होते. तुझी नात म्हणते चमच्याने दे, पुस्तकात तसं लिहिलंय. मी म्हणते, पुस्तकाला बोटं नसतात.

तेवढ्यात मॅनेजर आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. माझ्याकडे न बघता, टेबलाशी बसलेल्या तुझ्या नातीला त्याने विचारलं, "मॅडम, आयाबाईचं ताट मांग लावू का? मांग डायवर लोकाइची बैठक हाये, पंखा हाये."

माझ्या तोंडात इंग्रजी तयार झालं. सिस्टरांनी शिकवलेलं, टाचणीसारखं टोचणारं. पण त्याआधीच ती बोलली. मेनूवरची नजरसुद्धा तिने उचलली नाही. "आई आहे ती माझी. इथेच वाढा, माझ्या बाजूला. आणि तिला तिखट कमी." जसं कुणी पाणी साधं की थंड ते सांगावं, तसं.

"सॉरी मॅडम, मले वाटलं..." तो मागे सरकला. झालं असतं तिथेच. पण मी उठले. बाळाला कडेवर घेऊन, अनवाणी, सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं बोलले, "आणि मी आया असते तर? आयाने टेबलाशी बसून जेवलं तर तुमचं टेबल झिजतं का? ती माणूस नसते?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्याने मला पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाला, "बाई, मले काऊन बोलून राह्यले? मी थोडीच ठरवतो. माणसंच सांगतेत ना, बाईले मांग वाढा म्हणून. आमी आपले इचारून घेतो."

माय, मी खाली बसले. भांडण तिथेच संपलं. तुझी नात जवळ आली, म्हणाली, "काय गं? रडतेस की काय?" मी म्हणाले, "तिखट लागलं." ताट अजून यायचं होतं.

तुला तो दिवस सांगायची गरज नाही, पण मला सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या नवऱ्याची बदली आलापल्लीला झाली होती आणि ते आधीच जाऊन रुजू झाले होते. त्यांच्या साहेबांची बायको त्याच वाटेने निघाली होती, तिने आपल्याला जीपमध्ये जागा दिली. पुढे ड्रायव्हर आणि ती, मागे तू, मी आणि पोरगी. दुपारी गोंडपिपरीला थांबलो. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, आत पडदा लावून केलेली बायकांसाठीची जागा, दोन बाकं आणि एक टेबल. जीपमधून उतरल्या उतरल्या तू तुझी वाटी घेऊन मागच्या चुलीकडे गेलीस. तुझी ती रीतच होती. लेकराचा भात म्हटला की चूल कुणाचीही असो, एक कोपरा मिळतोच, असं तू धरूनच चालायचीस, आणि मिळायचाही. पडद्यापलीकडून तुझा आवाज येत होता, "भाऊ, थोडं पानी टाकून अजून शिजू द्या, दात नाई ना तिले." आणि चुलीशी असलेला माणूस हसून म्हणत होता, "मलेबी नाई, मावशी."

पडद्याच्या अलीकडे साहेबांची बायको माझ्याशी बोलत होती. तिला माझं इंग्रजी आवडलं होतं, माझी शाळा आवडली होती. तिला वाटलं की तू बाळाला सांभाळायला आणलेली बाई आहेस, आणि तिचा गैरसमज मी दुरुस्त केला नाही. एवढंच. मग हॉटेलवाला डोकावला, "बाईले इथीच देऊ का मांग?" मी म्हणाले, "मागे." आणि वळून बघते तो पडदा धरून तू उभी, वाटीतून वाफ निघतेय.

तू आत आलीस, माझ्या मांडीवरून पोरगी उचललीस आणि म्हणालीस, "बाईसाहेब, तुमी जेवा निवांत. मी चारतो हिले मांग."

बाईसाहेब. मग आलापल्लीपर्यंत तू तेच म्हणत राहिलीस. "बाईसाहेब, पोरगी झोपली, पाय लांब करा तुमी." "बाईसाहेब, ऊन येऊन राह्यलं, पडदा ओढू का?" एकदाही चुकली नाहीस. जीप उन्हात डुलत होती, मोहाची झाडं मागे पळत होती, आणि मला वाटत होतं की मी झोपेत आहे, कुणीतरी हलवून उठवेल आणि तू मला नेहमीसारखी "काऊन वं पोट्टे" म्हणशील. आष्टीला नदी आली. वैनगंगा, तुझ्या बापाने जन्मभर जिच्यात जाळं टाकलं ती. साहेबांची बायको मागे वळून म्हणाली, "आया फार गुणी मिळाली हो तुम्हाला." तू नदीकडे बघत होतीस. म्हणालीस, "लेकरं सांभाळाचीच सवय हाये जी आमाले."

आलापल्लीला आम्हाला आमच्या बंगल्यावर सोडून साहेबांची बायको निघून गेली. मी वाट बघत राहिले, तू रागावशील, मारशीलसुद्धा. तू चूल पेटवलीस. शेवटी मीच विचारलं, "माय, नीट जेवलीस ना तिथे?" तू म्हणालीस, "जेवली तं. मांग गरम भेटते." चार दिवसांनी तू एसटीने परत गेलीस. वाटी धुऊन ओट्यावर पालथी ठेवली होतीस. "राहू दे, पोरीच्या भाताले होईल," एवढंच म्हणालीस. त्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. मी पोचले तेव्हा तुला घराबाहेर आणलं होतं. मी रडले, सगळ्यांनी बघितलं, लेक किती मायाळू म्हणून बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

काल जेवण झाल्यावर मार्कंड्याला पोचलो. नदी तिथे उत्तरेला वळते, तू सांगायचीस. पाणी उतरलं होतं, वाळू ऊबदार होती, देवळाच्या दगडी मूर्तींवर पोपट बसले होते. न्हाव्याने वस्तरा लावला तेव्हा बाळ रडलं नाही, माझ्याकडे टक लावून बघत राहिलं. केस गेल्यावर तिचं डोकं अगदी तुझ्यासारखं निघालं, मागून चपटं. तुझी नात हसली, म्हणाली, "हे असलं डोकं आलं कुठून हिचं?" तिने तुझा एकच फोटो बघितलाय आणि त्यात तुझ्या डोक्यावर पदर आहे. मी म्हणाले, "माझ्या मायचं." ती चमकून बघायला लागली. मी तिच्यासमोर तुला नेहमी आई म्हणते. मग तिने विचारलं, "कशी होती गं ती?" मी म्हणाले, भात फार छान करायची. नदी समोर होती, वेळ होता, बाळ मांडीवर झोपलं होतं, आणि मी भाताबद्दल बोलले.

आता प्रगतिपुस्तकाचा गाळलेला शेरा. वर मी लिहिलं की साहेबांच्या बायकोचा गैरसमज झाला आणि मी तो दुरुस्त केला नाही. इतकी वर्षं मी स्वतःला असंच वाचून दाखवत आले आहे. तसं नव्हतं, माय. तिचा काहीच गैरसमज झाला नव्हता. तिने सरळ विचारलं होतं, चांगल्या मनाने विचारलं होतं, "या कोण? तुमच्या आई का? चेहरा अगदी तुमचाच आहे." आणि मी म्हणाले, "छे, बाळाला सांभाळायला आणलंय." पडदा तेव्हा हलला होता. मला दिसला होता.

येवढंच हाये.

हे तुला वाचून दाखवायला कुणीतरी लागेल, आणि घरात वाचणारी माझ्याशिवाय एकच आहे. ती आत्ता दारात येऊन गेली. कडेवर तुळतुळीत डोक्याचं बाळ, हातात तुझी वाटी. म्हणाली, "एवढं काय लिहितेस?"

मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, "किराण्याची यादी."