पाच चाळीसपर्यंत आत

जयपूर,
९ फेब्रुवारी १९८८

चि. विभा हिस अनेक आशीर्वाद.

भुसावळला पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. इथे उन्हं चढायला लागली आहेत. शेषरावच्या खोलीवर रोज चक्कर मारतो, त्याच्या मोगऱ्याला पाणी घालतो.

तू पुन्हा विचारलंस, बाबा त्या संध्याकाळी कारखान्यातून निघाले तेव्हा कसे दिसत होते. तू इथे असताना मी म्हणालो होतो, शेषराव थकलेला दिसत होता.

विभा, मी त्याला त्या संध्याकाळी पाहिलंच नाही.

रत्नांचा कारखाना, म्हणून दिवाळीपासून प्रत्येक दाराला यंत्र आहे. कार्ड सरकवलं की दार उघडतं आणि कोण कुठल्या दारातून किती वाजता गेलं ते कागदावर छापून येतं. आम्ही दोघे रेल्वेतून रिटायर होऊन इथे लागलेले. तिथे मस्टरवर एकमेकांच्या सह्या सर्रास करायचो, त्यात वावगं वाटायचं नाही. एकवीस जानेवारीला सकाळी चांदपोलच्या स्टँडवर त्याने आपलं कार्ड माझ्या हातात दिलं. "जनूभाऊ, आज माझंही लाव. दुपारपर्यंत येतो." दुपार झाली, तो आला नाही. मी आपला प्रत्येक दाराशी आधी माझं, मग त्याचं लावत राहिलो.

रात्री तो खोलीवरही परतला नाही. मग तू आलीस आणि मॅनेजरने तो कागद पुढे ठेवला. हवालदार म्हणाला, "शाम पाँच चालीस तक तो अंदर ही थे." तू सहा दिवस कारखान्याभोवतीच्या, सीतापुऱ्यातल्या शेड आणि नाले धुंडाळलेस. मीही बरोबर हिंडलो.

नोकरी जाण्याच्या भीतीने गप्प बसलो, हे खरंच. पण त्या कागदाने डोक्यात काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. एक वाजून पाच, जेवणघर, आम्ही दोघे. वाचता वाचता तो समोर बसलेला दिसायला लागला. मी चौथीच्या कवितेतली एक ओळ म्हटली, पुढची त्याने म्हटली, डब्यात मेथी होती. हे आदल्या दिवशीचं असेल. की मीच रचलं? त्याचं कार्ड हातात घेतलं की कळतं, तो आला नव्हता. पेटीत ठेवलं की पुन्हा गोंधळ.

म्हणून ते हातात धरूनच लिहितो. सकाळी नऊला तो चौमूं गावाच्या बसमध्ये चढला. खिडकीशी बसला, तपकिरी मफलर, पिशवी नाही. मी विचारलं, "तिकडे कोण रे तुझं?" तो नुसता हसला. एवढं मी नक्की पाहिलंय.

हे पत्र टाकून चौकीत जातो, कार्ड तिथे देतो आणि तसाच चौमूंला. तू त्याचा फोटो घेऊन ये. एकोणीस दिवस वाया गेले ते माझ्यामुळे.

खाली 'तुझा काका' लिहिणार होतो. ते तू ठरव.

जनार्दन