हो म्हणू नकोस

रविवार, ता. ९

ताईस,

नमस्कार. आईला सांग, मी बरा आहे. आणि तुला सांगायचं तर, परवा माझं बोलणं अर्धवट टाकून फोन आपटलास ते काही बरोबर केलं नाहीस. मी काय वाकडं विचारलं? गॅस बंद केलास का, एवढंच ना? तू म्हणालीस, "चौथ्यांदा विचारतोयस, माझं डोकं खाऊ नकोस." धाकट्या भावाने काळजीही करायची नाही का?

दोन दिवस रागात होतो. जेवणही गोड लागलं नाही.

इथे वर्कशॉपमध्ये वेल्डिंग झालं की गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व मीच बंद करतो. गेटपर्यंत जातो, परत येऊन बघतो. बसपाशी जातो, पुन्हा परत. बस निघून जाते. पोरांनी माझं नाव 'रिटर्न' ठेवलंय. मी आत शिरलो की ओरडतात, "आला रे रिटर्न, आता तिकीट फाडा!" मीही हसतो. छाती धडधडत असते ते त्यांना कुठे दिसतं.

फोरमनने मला एका मॅडमकडे पाठवलंय. घाबरू नकोस, वेड्यांचा दवाखाना नाही. गोळ्या नाहीत, सुया नाहीत. थेरपी म्हणतात. व्हॉल्व एकदा बंद करायचा आणि चालायला लागायचं. घाम फुटू दे, मागे फिरायचं नाही. भीती आपली आपण उतरते म्हणे. मी म्हटलं, "मॅडम, फुकट घाबरतोच आहे, त्याचे पैसे कशाला देऊ?" त्या खूप हसल्या. पण फी काही कमी केली नाही.

शनिवारचा ओव्हरटाइम जाईल, वर फी. पोरांना कळलं तर नवीन नाव पडेल. उलट बाजूने बघितलं, तर बस मिळेल, झोप लागेल. हे सगळं ठीक. पण काळजी करायची सोडली आणि नेमकं त्याच दिवशी काही झालं, तर? मॅडमना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "काळजी करूनही झालंच ना?"

तेच तुला सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात व्हॉल्व मीच बिघडवला. घट्ट आहे का बघायला दर वेळी अजून आवळायचो. आवळून आवळून आतलं सील चिरडलं आणि गॅस गळायला लागला. सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. कुणाला काही झालं नाही. फोरमन ओरडलासुद्धा नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, "उपचार कर, नाहीतर झाडू घे. सिलिंडरला हात लावायचा नाही."

आता खरं काम. मॅडम म्हणतात, फोनवर तुला विचारतो तोही व्हॉल्वच. तू "हो रे, बंद केलाय" म्हणतेस, मला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच आणखी जास्त वेळा ऐकावंसं वाटतं. म्हणून तू उत्तर द्यायचं नाही. म्हणजे फोन आपटलास तोच उपचार निघाला! याचा मला किती राग आलाय, काय सांगू.

ताई, एवढ्या लांब मला झोपवतं ते तुझं "हो रे" आहे. तेच सोडायचं आहे. मी चिडेन, रडेन, आईची शपथ घालीन. तरी सांगू नकोस. दुसरं काहीही बोल, शेजारणीच्या चुगल्या सांग. पण फोन ठेवू नकोस.

पत्र अशासाठी लिहिलं, की फोन लागला तर तोंडातून आधी तेच निघालं असतं. पाकीट एकदा चिकटवलं की उघडून बघायचं नाही, असा अभ्यास दिलाय. चुका असतील तर तशाच वाच. आईला यातलं काय सांगायचं ते तूच ठरव.

माघार घ्यायला जागा नको म्हणून तीन महिन्यांची फी आजच भरून टाकली. ओव्हरटाइम नसल्याने पुढचे दोन महिनेही ओढाताण होईल, सांभाळून घे.

तुझा,
भित्रा पण हट्टी भाऊ

या वेळी पाठवतोय ते नेहमीचे दहा हजार नाहीत, सहा हजार चारशे.