शनिवारची खुर्ची

४ फेब्रुवारी

प्रिय भाईजान यांस,
सलाम वि. वि.

तुझं भाषण वर्तमानपत्रात वाचलं. अब्बांनी फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, पोट सुटलंय, त्याला सांग की व्यासपीठावर उभं राहणं हा व्यायाम नव्हे.

माझी बातमी अशी. आमच्या वाचनालयाच्या पोर्चमध्ये मी दर शनिवारी दुपारी खुर्ची टाकून बसते. शेजारी पाटी, ‘मी मुसलमान आहे. मनात येईल ते विचारा.’ न विचारलेल्या प्रश्नांवर द्वेष पोसला जातो, हे तुझंच वाक्य. म्हणून कुठलाही प्रश्न टाळायचा नाही, असं ठरवलंय. एका मावशींनी विचारलं, तुमच्या देवाला आमची भाषा कळते का. म्हटलं, अब्बांचं पुटपुटणं कळतं, म्हणजे काहीही कळत असणार. निवृत्त पोस्टमनकाकांनी चाचरत विचारलं, तुमच्या घरोघरी शस्त्रं असतात म्हणे. म्हटलं, एक सुरी आहे, तिने टोमॅटोही कापला जात नाही. काका हसत सुटले. आता ते दर शनिवारी येतात.

करड्या कोटातले एक गृहस्थ मात्र धर्माचं काहीच विचारत नाहीत. घर कुठे, अब्बा घड्याळांचं दुकान बंद करून कुठल्या रस्त्याने येतात, मागचं दार कुठल्या गल्लीत उघडतं. बोलणं फार अदबीचं. मीही सगळं सांगितलं.

भाषणांतून उरेल तेवढी माया आमच्याकडे पाठवत जा.

तुझी,
चिमणी

९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पाटीचा अभिमान वाटला. माणसाला आधी अफवेत कोंडतात, मग तो बाहेर का येत नाही म्हणून संशय घेतात. तू ती कोंडी फोडलीस.

पण कोटवाल्यापाशी येऊन मी थांबलो. ज्याला आपल्याला ओळखायचंय तो विचारेल, तुम्ही कशाला भिता, कशाला हसता. मागच्या दाराची चौकशी तो कशाला करेल? त्याला यापुढे एक अक्षर सांगू नकोस. अब्बांना उजेड असतानाच घरी यायला सांग. उलट टपाली लिही.

रागावलो तरी तुझाच,
भाईजान

१५ फेब्रुवारी

प्रिय भाईजान यांस,
सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आत गोष्ट घडून गेली. परवा आम्ही दोघं घरी आलो तर मागच्या दाराची कडी काढलेली. चोरी काही नाही. कडीचे स्क्रू मात्र खिडकीच्या कट्ट्यावर एका ओळीत नीट मांडून ठेवलेले. अब्बांनी ते परत बसवले. अख्खा जन्म बारीक स्क्रूंत गेलेला माणूस, पण एकेक स्क्रू पुन्हा पुन्हा तपासत होता.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, कुणीतरी गंमत केली असेल. ग्रंथपालसाहेब म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी सांगतो, खुर्ची आत घ्या. मी पोर्चमध्येच बसणार आहे. फुकट काळजी करू नकोस, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू?

आठवण काढत राहा.

चिमणी

१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

खुर्ची आवर. अब्बांना घेऊन त्यांच्या बहिणीकडे, फुफीकडे जा. माघार हा शब्द मला सहन होत नाही, तरी आज तोच लिहितोय. सभेतल्या टाळ्यांनी आपल्या दाराला कडी लागत नाही.

तुझा,
भाईजान

२५ फेब्रुवारी

प्रिय भाईजान यांस,
सलाम वि. वि.

अब्बा हलायला तयार नाहीत. म्हणतात, बंद पडलेली घड्याळं लोकांनी माझ्या भरवशावर ठेवलीत.

शनिवारी कोटवाले आले, सोबत आणखी तिघे. पोर्च भरलेला होता. या वेळी मीच सर्वांदेखत विचारलं, आमचं मागचं दार तुम्हाला कशाला हवंय? ते हसले आणि त्याच अदबीने म्हणाले, कळेल.

भाईजान, तिथे माझ्या ओळखीची कितीतरी माणसं होती. मावशी, वहिनी, ग्रंथपालसाहेब. काय कळेल, असं एकानेही विचारलं नाही. पोस्टमनकाकांनी तोंड उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. ते चौघे सावकाश, रमतगमत गेले.

येत्या शनिवारी पाटी तीच राहील, पण आधी प्रश्न मी विचारणार आहे. समोर येईल त्या प्रत्येकाला, तुम्ही गप्प का बसलात.

तू ये. बोलायला नको, नुसता शेजारी बस. तिथे आणखी एक खुर्ची मावते.

वाट पाहणारी,
चिमणी