मला तर कसलाच वास येत नाही

२ ऑगस्ट २०२१, सोमवार. गिरावीन.

आजपासून रोजनिशी. लॉकडाउनमध्ये माणूस सैल पडतो. माझं तसं होऊ द्यायचं नाही. सकाळी सहाला उठणं, सूर्यनमस्कार, आणि व्हेप दिवसातून फक्त तीनदा.

व्हेपबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटबद्दल, एकदा स्वच्छ लिहून टाकतो. सिगारेट मी कधीच सोडली. लेकीच्या, नुपूरच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती आणि ती पाळली आहे. शपथेत व्हेपचा उल्लेख नव्हता. सुनेत्राला सांगितलेलं नाही, कारण बायको हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे आणि सध्या तिला पुरेसा ताण आहे. याला लपवणं म्हणत नाहीत, काळजी घेणं म्हणतात.

टँक गळतोय. म्हणजे व्हेपची ती छोटी काचेची टाकी, जिच्यात ज्यूस भरतात. हूडीचा खिसा आतून चिकट झालाय. ज्यूस आंब्याचा. किरकोळ प्रॉब्लेम आहे, उद्या सोडवतो. शेवटी मी सोल्युशन आर्किटेक्ट आहे.

४ ऑगस्ट, बुधवार

कंबर धरली. सूर्यनमस्कार पुढच्या सोमवारपासून.

गॅरेजमध्ये बसून टँक पूर्ण उघडला, पुसला, घट्ट बंद केला. लीक सॉल्व्ह्ड. सुनेत्राला वाटतं मी गॅरेजमध्ये ऑफिसची रोजची स्टँडअप मीटिंग घेतो. घेतोही कधीकधी.

बाहेर आलो तर आई कपडे वाळत घालत होत्या. आई म्हणजे सुनेत्राच्या आई, माझ्या सासूबाई. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या, बॉर्डर बंद झाली, आणि इथेच अडकल्या. तिकडे पुण्यात सासरे, म्हणजे बाबा, एकटे. रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, खिचडीत पाणी किती. दीड वर्ष झालं, अजून अंदाज येत नाही म्हणजे काय!

आई मला विश्रामराव म्हणतात, अहो-जाहो करतात. या घरात मान देणारं तेवढं एकच माणूस आहे. पोटची मुलगी मला ‘ब्रो’ म्हणते.

७ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा गळला. आडवा ठेवला होता, लॅपटॉपच्या बॅगेत. आता कीबोर्डचं एन अडकतं. काल मॅनेजरला लिहिलं ते ‘नो वरीज’ असं न जाता नुसतंच ‘ओ वरीज’ असं गेलं. तो म्हणाला, यू ओके, मेट?

ब्लॅकटाउनच्या कुमारला मेसेज टाकला. ज्यूस तोच न्यूझीलंडहून मागवतो. त्याचं उत्तर: भाई, टँक में लीक नहीं है, तू ओवरफिल करता है. थोडा कम भर.

कमी भरायचं तर मग टँक कशाला? या लोकांना खोलात जायची सवयच नाही. रबराच्या रिंगा सैल झाल्यात, हे खरं कारण.

१० ऑगस्ट, मंगळवार

दोन आनंदाच्या गोष्टी.

एक: उपाय सापडला. कुकरची रिंग सैल झाली की आई ती फ्रीजरमध्ये ठेवतात. तासाभरात आवळून येते, शिट्टी खणखणीत. टँकच्या रिंगाही रबराच्याच. तीन रिंगा वेलदोड्याच्या रिकाम्या डबीत घालून नुपूरच्या आइस्क्रीममागे ठेवल्या. असं डोकं इथल्या लोकांचं चालणार नाही.

दोन: आईंना फ्लाइट मिळाली. शनिवार, २१ तारीख. किती याद्यांत नाव होतं, किती वेळा कॅन्सल झालं, याची गणती नाही. मेसेज आला तेव्हा आई पोळ्या लाटत होत्या. लाटणं खाली ठेवलं, हात धुतले आणि देवापुढे साखर ठेवली. मग बाबांना फोन. म्हणाल्या, यंदा गणपतीला मी घरी आहे, मोदकांचा साचा शोधून ठेवा. पलीकडून बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. नेटवर्क असेल.

१५ ऑगस्ट, रविवार

फ्रीजर थेरपी यशस्वी. गेले काही दिवस एक थेंब नाही. (तीन दिवस ज्यूसच संपला होता, पण त्याचा इथे संबंध नाही.)

आईंची मोठी बॅग हॉलमध्ये उघडी पडली आहे. रोज काढतात, रोज भरतात. चॉकलेटं, सुनेत्राने दिलेली मल्टिव्हिटॅमिनं, आणि बाबांसाठी राखाडी कार्डिगन. दुकानं बंद, म्हणून ऑनलाइन मागवलं होतं, महिनाभर लागला यायला. आई त्यावरून सारखा हात फिरवतात. मी म्हटलं, पुण्यात कुठली एवढी थंडी? त्या नुसत्या हसल्या.

१८ ऑगस्ट, बुधवार. दुपार.

जे झालं ते नीट लिहून ठेवलं पाहिजे, कारण माझी बाजू कोणी ऐकणार नाही.

सकाळी हॉलमधून गॅरेजकडे निघालो होतो, व्हेप हातात. सुनेत्राची आज लेट शिफ्ट आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती अचानक बेडरूममधून बाहेर आली. कोणताही प्रसंगावधानी माणूस जे करेल तेच मी केलं. व्हेप आईंच्या उघड्या बॅगेत सरकवला. मग स्टँडअप सुरू झाली (खरीखुरी) आणि लक्षातून गेलं. तासाने येऊन काढला तेव्हा टँक रिकामा होता. सगळा ज्यूस बाबांच्या कार्डिगनने प्यायला होता.

मी कार्डिगनची घडी उलटी करून ठेवली. तात्पुरता फिक्स.

जेवायच्या वेळी घरभर आंबा. सुनेत्रा म्हणाली, कुठून येतोय हा वास? नुपूर हेडफोन काढून म्हणाली, “डॅड, इट स्मेल्स लाइक अ लॉली शॉप.” म्हणजे गोळ्या-चॉकलेटांचं दुकान. आईंनी वाढता वाढता डाव खाली ठेवला. तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझी काय चूक? काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो,

“मला तर कसलाच वास येत नाही.”

सुनेत्राच्या हातातला घास हातातच राहिला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

ड्राइव्ह-थ्रू टेस्टच्या लाइनीत दोन तास. नाकात काडी मेंदूपर्यंत. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतील म्हणे, फार गर्दी आहे.

सुनेत्राने हॉस्पिटलला कळवलं. तिची शिफ्ट बंद, तिच्या जागी कोणीतरी डबल करणार. नुपूरला खोलीत कोंडलंय. आई शनिवारी उडू शकतील का, यावर सुनेत्राने फक्त मान हलवली. घरात लक्षणं असलेला माणूस आहे, रिपोर्ट येईपर्यंत कोणी उंबरठा ओलांडायचा नाही, आणि विमानात तर नाहीच नाही.

मला वाटलं होतं संध्याकाळपर्यंत सगळे विसरतील. आता मध्येच वास यायला लागला तर विचित्र दिसेल. उद्या सकाळी सांगतो. शांत डोक्याने.

१९ ऑगस्ट, गुरुवार

सांगणार होतो. पण सुनेत्रा रडत होती. रडणाऱ्या माणसाला अशा गोष्टी सांगू नयेत.

मी गेस्टरूममध्ये, आयसोलेशनमध्ये. जेवण दाराबाहेर. आज आईंनी तोंडली-भात केला, काजू घालून, वरून खोबरं. गोड्या मसाल्याचा वास दाराच्या फटीतून आला आणि मला पहिल्यांदाच खरोखर वाईट वाटलं. ताट चाटूनपुसून संपवलं. मग लक्षात आलं की ज्याला वास येत नाही तो असं जेवत नाही. म्हणून थोडं खोबरं ताटात परत पसरलं.

आई मास्क लावून दाराशी आल्या. एकट्याच होत्या, सुनेत्रा आंघोळीला गेली होती. विचारलं, आज तरी काही येतोय का वास, विश्रामराव? मी नाही म्हटलं. त्या जरा थांबल्या. पुन्हा विचारलं, नक्की ना? किती ती काळजी. सख्खी आई एवढं विचारणार नाही.

२० ऑगस्ट, शुक्रवार

रिपोर्ट नाही. दर दहा मिनिटांनी फोन बघतो. निगेटिव्ह येणार हे जगात फक्त मला माहीत आहे आणि मीच देव पाण्यात घालून बसलोय.

चार वाजता सुनेत्राने एअरलाइनला फोन केला. सकाळपर्यंत रिपोर्ट आला तर या, नाहीतर सीट दुसऱ्याला. पुढचा नंबर बहुतेक नोव्हेंबरात.

आई पुन्हा दाराशी. म्हणाल्या, काही हवंय का तुम्हाला? काही बोलायचंय का? मी म्हटलं, नाही आई, तुम्ही आराम करा. गेल्या नाहीत लगेच.

आता ठरवलं. रात्री सांगून टाकायचं. सुनेत्रा ओरडेल, नुपूर तोंड फिरवेल, पण आई तर जातील. वाक्यसुद्धा तयार केलंय: मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नाही. चांगलं वाक्य आहे. शांत, जबाबदार.

(नंतर) सुनेत्रा लवकर झोपली. थकली होती, उठवणं बरोबर दिसलं नसतं.

२१ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दार किलकिलं करून पाहिलं. आई हॉलमध्ये खुर्चीवर बसलेल्या. प्रवासाचा पंजाबी ड्रेस, पायात नवे बूट, बॅग दाराशी. वय झालं तरी आशा सुटत नाही माणसाची. दर थोड्या वेळाने माझ्या दाराकडे बघत होत्या. मी दार लावून घेतलं.

नऊ वाजून गेल्यावर त्यांनी बूट काढले.

मग फोन. बाबांचा आवाज स्पीकरवर. तिकडे पहाट, तरी जागे. दूध जास्तीचं सांगून ठेवलं होतं, माळ्यावरून साचा काढला होता. म्हणाले, हरकत नाही, हरकत नाही. मग मला बोलवायला सांगितलं. दाराआडून मी हॅलो म्हटलं. “विश्रामराव, तब्येत सांभाळा,” म्हणाले. “तिला राहू द्या तिथे. आत्ता तुम्हाला गरज आहे.”

मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार?

अख्खा दिवस व्हेपला हात लावला नाही. स्वतःला शिक्षा म्हणून. चार्जिंगही नव्हतं.

२२ ऑगस्ट, रविवार

सकाळी मेसेज आला. निगेटिव्ह.

सुनेत्रा गळ्यात पडून रडली. तू वाचलास, म्हणाली. मला इतकी लाज वाटली की तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिलो.

भिंतीवर नुपूरने चिकटवलेला कागद होता: आजी गोज होम. खाली विमान काढलेलं.

३ सप्टेंबर, शुक्रवार

प्रकरण संपत नाही. कोविड नाही तरी वास का नाही, म्हणून सुनेत्राने माझं स्मेल ट्रेनिंग सुरू केलंय. दिवसातून दोनदा चार बाटल्या नाकाला लावायच्या: लवंग, लिंबू, निलगिरी, हिंग. शिफ्टवरून दमून येते आणि आधी माझ्यासमोर बाटल्या घेऊन बसते. वहीत टिकमार्क करते. आज हिंगाला डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, इमोशनल झालो.

आईंनी कार्डिगन तीनदा धुतलं. अजूनही जवळ गेलं की आंबा येतो.

टँक परत गळतोय, जादाच्या रिंगा फ्रीजरमध्ये ठेवल्यात. पण व्हेप सोडायचं नक्की. गणपती बसले की त्या दिवसापासून. चांगला मुहूर्त असलेला बरा.

१० सप्टेंबर, शुक्रवार. गणेश चतुर्थी.

आरती झूमवर झाली. एका चौकोनात पुण्याचं घर, बाबा, सोवळं नीट नेसता न आलेलं. मोदक जमले नाहीत म्हणून त्यांनी पेढे ठेवले होते. साचा शेजारी मांडला होता, आईंना दिसावा म्हणून. आरतीत बाबांचा आवाज मागे राहत होता, आणि आई त्यांच्यासाठी थांबत थांबत म्हणत होत्या.

मी म्यूटवर होतो.

नंतर दुपारी गॅरेजमध्ये बसलो होतो. (मुहूर्त संध्याकाळचा धरला होता.) आई आल्या. हातात ते कार्डिगन, घडी घातलेलं. माझ्या हातातल्या व्हेपकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“तुमच्या त्या रिंगा फ्रीजरमधून काढा, विश्रामराव. नुपूरचं आइस्क्रीम असतं तिथे.”

मी विचारलं, कसल्या रिंगा? सवयीने.

त्यांनी कार्डिगनची घडी सारखी केली. मग मीच विचारलं, कधीपासून माहीत आहे. म्हणाल्या, उन्हाळ्यापासून. मशीनला लावायच्या आधी सगळ्यांचे खिसे त्याच उलटे करतात. माझी हूडी त्या वेगळी धुतात, सुनेत्राला वास लागू नये म्हणून.

म्हणजे त्या बुधवारीही माहीत होतं. मी जवळजवळ ओरडलोच, मग तेव्हा बोलला का नाहीत? गेला असतात तुम्ही!

“जावयाला मी मुलीसमोर खोटं कसं पाडणार?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हीच सांगाल. म्हणून तर दाराशी येत होते. शनिवारी बूट घालून बसले होते ते त्यासाठीच.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कार्डिगन घेऊन आत गेल्या. मोदकांची उकड काढायची होती.

मी उठलो. व्हेप कचऱ्याच्या डब्यात टाकला, लाल झाकणाच्या. आज सांगायचं. सुनेत्रा शिफ्टवरून आली की दारातच. वाक्य तयारच आहे.

त्याच दिवशी, रात्री

सुनेत्रा आली. गॅरेजमधूनच आली, माझ्याजवळून गेली आणि थबकली. माझ्या खिशाजवळ नाक नेलं. खिसा अजून ओला होता. म्हणाली, विश्राम, खरं सांग, तुला हा आंब्याचा वास येतोय का?

दमलेली होती. मास्कचे वळ गालावर. डोळे एवढे मोठे करून बघत होती.

मी म्हणालो, “हो गं. आता जरा जरा यायला लागलाय.”

तिने आनंदाने किंचाळून नुपूरला हाक मारली. माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, बाटल्यांचा उपयोग झाला. बाबांना फोन लावून सांगितलं. बाबा म्हणाले, बाप्पाने ऐकलं.

आई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी गॅस बारीक केला, पानं मांडली, आणि पहिला मोदक माझ्या पानात वाढला. वर तुपाची धार.

छान झाला होता. वासही छान होता.