दारापर्यंतचा माणूस

रेडमंड,
८ फेब्रुवारी २०२६

चि. ऋतास, तुझ्या आईचे लांबून पण भरपूर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. पाऊस चालू आहे, म्हणजे नवीन काही नाही. शंतनू ऑफिसातून येतो आणि घरी आल्यावर परत ऑफिस उघडून बसतो. तुझा भाचा नील माझ्या डोक्याच्या वर गेला. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, थालीपीठ मात्र दोन्ही भाषांत संपतं. माझा गुडघा थंडीने जरा कुरकुरतो. बाकी ठणठणीत.

नेहमीप्रमाणे पत्र तुझी वहिनीच लिहितेय. मी सोफ्यावर, हिमानी जेवणाच्या टेबलाशी. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू दर वाक्याला "जाऊ दे गं आई" म्हणतेस, कागद तसं म्हणत नाही. शिवाय आजचं पत्र जितकं तुला आहे तितकंच लिहिणारीला आहे. हे ऐकून हिने मान वर केली. लिही, बाई.

तर नाताळ झाल्यापासून ही माझ्याशी फार गोड वागतेय. न मागता आल्याचा चहा. संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून. तुला माहीत आहे, सून चांगलीच आहे, पण बिया काढण्याइतकी कुणाचीच सून चांगली नसते. मी मनात म्हटलं, हिला काहीतरी हवंय.

आता हिचं काम तुला सांगते, कारण मलाही ते नुकतंच नीट कळलं. ही काउंटीत आहे, काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषद धर. राज्याची राजधानी ऑलिम्पियाला, तासा-दीड तासावर. हिवाळ्यात तिथे अधिवेशन भरतं आणि नवे कायदे ठरतात. त्यातला कुठला कायदा काउंटीच्या डोक्यावर बसणार, हे हेरायचं आणि तिथे जाऊन "हा नको, तो असा बदला" म्हणून काउंटीतर्फे सांगायचं, ही हिची नोकरी. म्हणजे भांडायचाच पगार. मी इतकी वर्षं ते घरात फुकट करत आले.

यंदाचा एक कायदा आमच्या व्हॅनचा आहे. काउंटीची व्हॅन आम्हा म्हाताऱ्यांना ज्येष्ठांच्या केंद्रावर नेते. तिथे मी आणि माझी मैत्रीण रत्नाताई भजन म्हणतो, पत्ते खेळतो, लोकांच्या सुनांबद्दल बोलतो. व्हॅन फुटपाथच्या कडेला थांबते. दारापासून तिथवर आपलं आपण यायचं. नवा कायदा म्हणतो, प्रत्येक काउंटीने व्हॅनमध्ये एक माणूस ठेवावा, त्याने उतरून दारापर्यंत जावं आणि म्हाताऱ्या माणसाला हात धरून आणावं. काउंटी म्हणते नको, कारण राज्य माणूस ठेवायला सांगतं, पगाराला पैसे देत नाही. मग आहेत त्यातल्या फेऱ्या कमी कराव्या लागतील.

हे खोटं नाही, ऋता. तुझे बाबा जिल्हा परिषदेच्या जीपवर होते. मुंबईहून हुकूम यायचा, डिझेल यायचं नाही. त्यांच्या शिव्या अजून माझ्या कानात आहेत, त्या हिला लिहायला सांगत नाही.

तर एका दुपारी असाच चहा झाल्यावर हिने मला विचारलं, "आई, व्हॅनवाला दारापर्यंत यावा असं वाटतं तुम्हाला? की फेऱ्या जास्त हव्यात?" मी म्हटलं, "हात धरून गाडीत बसवायला मी काय नवरी आहे? फेऱ्या वाढवा." दोघी हसलो. संपलं.

संपलं नव्हतं. राजधानीतल्या सुनावण्या इथे टीव्हीवर दाखवतात. कोण बघतं देव जाणे, पण रत्नाताई बघतात. पन्नास वर्षं इथे डॉक्टरकी केली त्यांनी, त्यांना अजून कुणाची तरी नाडी हातात लागते. गेल्या बुधवारी मी त्यांच्याकडे बसले होते. पडद्यावर करडा कोट घालून आमची हिमानी. मला इंग्रजी कळत नाही, पण सून कळते. तिने छातीला हात लावला आणि म्हणाली, मदर-इन-लॉ. तो शब्द मला येतो. सगळीकडे ती माझी ओळख तशीच करून देते.

रत्नाताईंनी एकदम टीव्हीचा आवाज बंद केला. खोदून विचारल्यावर म्हणाल्या, "ती म्हणाली, माझ्या सासूबाई एकोणऐंशीच्या आहेत, त्या हीच व्हॅन वापरतात, आणि त्यांनी स्वतः सांगितलंय की दारापर्यंत माणूस नको."

समोर बसलेल्या लोकांनी माना डोलावल्या. माझ्या नावावर डोलावल्या, आणि मला कुणी विचारलं नव्हतं की हे वाक्य उसनं नेऊ का.

आता वहिनीने पेन खाली ठेवलंय. उचल. अजून खरी गोष्ट यायचीय.

ऋता, माझा गुडघा थंडीने कुरकुरत नाही. जानेवारीत इथे दोन दिवस रस्त्यावर बर्फ धरलं होतं. व्हॅन कडेला उभी, मी दारातून निघाले आणि चार पावलांवर आडवी झाले. ड्रायव्हर खाली उतरू शकत नाही, तसा नियमच आहे. रत्नाताई व्हॅनमधून उतरल्या, गुडघ्याच्या दोन ऑपरेशनच्या बाई, आणि मला उठवताना स्वतः पडता पडता राहिल्या. मी त्यांना शपथ घातली, घरी बोलायचं नाही. शंतनूला कळलं की तो व्हॅन बंद करेल, मला या काचेच्या घरात बसवेल, आणि मी दिवसभर झाडावरच्या खारी मोजत राहीन. म्हणून मी चहावर नवरीचा विनोद केला. विनोद करताना गुडघा टेबलाखाली धरून ठेवला होता.

म्हणजे वाक्य माझंच. पण माझा संशय वेगळा आहे, आणि तोच मला झोपू देत नाही. त्या दिवशीची साडी मी कपड्यांच्या टोपलीत तळाशी खुपसली होती. गुडघ्याशी रक्त होतं. दोन दिवसांनी ती घडी होऊन माझ्या कपाटात आली, डाग नाही. इथलं मशीन रक्ताचा डाग काढत नाही. आधी गार पाण्यात हाताने चोळावा लागतो. शंतनूला साबण कुठे असतो ते माहीत नाही. मग चोळला कुणी?

आत्ता हिला हेच विचारलं. मग म्हणाली, "मीच धुतली. मला कळलं होतं." मी म्हटलं, "मग चहावर का विचारलंस?" म्हणाली, "वाटलं, तुम्ही खरं सांगाल. तुम्ही हसलात. मग मला ते वाक्य सोयीचं पडलं, आई."

सोयीचं पडलं. हे असंच लिही, सोपं करू नकोस.

परवा मंगळवारी तिथे पुन्हा सुनावणी आहे, आणि ही पुन्हा जाणार. मी हिला सांगितलं, मी येते. ज्याला बोलायचं त्याला तिथे दोन मिनिटं मिळतात म्हणे. मी सांगेन की मी पडले. हेही सांगेन की काउंटीकडे पैसे नाहीत, तर हुकूम काढणाऱ्यांनी पैसेही काढावेत. माझं इंग्रजी करायला रत्नाताई तयार आहेत. मी नको म्हटलं. ज्या तोंडाने पहिलं गेलं, त्याच तोंडाने, म्हणजे हिच्याच, दुसरं जाऊ दे.

ही म्हणाली, "ऑफिसात मला काय म्हणतील?" ते मला माहीत नाही. तिची नोकरी आहे, माझी नाही, आणि हे मला कळतं. पण व्हॅनमध्ये रत्नाताई माझ्या शेजारी बसतात, पडले तर मला उचलायला त्या येतात, ती नोकरी येणार नाही.

मग हिने विचारलं, "दोनच मिनिटं असतात, आई. गाळावं लागलं तर काय गाळू?"

मी म्हटलं, "माझं नाव गाळ. पडणं गाळू नकोस."

"बरं," म्हणाली. निदान मला तरी तसं ऐकू आलं. पण ते "बरं" कागदावर उतरवणारी हीच आहे. तेव्हा हे मिळालं की मला फोन कर आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखव. मी ऐकत राहीन. त्या वेळी मधे "जाऊ दे गं आई" म्हणायचं नाही.

तुझी,
आई
(अक्षर हिमानीचं. बोलणं माझं. दोन्ही जुळतात का, ते तू सांगायचं.)