राक्षस अजून खुर्चीतच आहे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा सुजलाय, तेव्हा आठातलं एक अंग वजा धर). तुझा खोकला थांबला का? भाऊजींची कंबर आता वाकते, की अजून मोजे तूच घालून देतेस? इथे मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे माझी पाचावर धारण बसली आहे.

शाळेत कायम व्हायचं तर बालसाहित्याचा तो अभ्यासक्रम पास व्हायला हवा, आणि त्यासाठी गुरुवारी परीक्षक बाई मागच्या बाकावर बसून माझा तास बघणार आहेत. त्या अभ्यासक्रमात शिकवतात की गोष्ट नुसती वाचून दाखवायची नाही. शिक्षकाने त्यातलं पात्र होऊन खुर्चीत बसायचं आणि मुलांनी त्याला प्रश्न विचारायचे. सराव म्हणून मी दुसरीच्या वर्गात राक्षस झालो. (तुझी तपकिरी शाल पांघरली होती. रागावू नकोस, धुतली आहे.) तू काय खातोस, तुला दात किती, आंघोळ करतोस का, सगळं विचारून झालं. मी घोगऱ्या आवाजात उत्तरं देत गेलो, आणि वर्ग कधी नव्हे तो इतका शांत बसला की मला चेव आला. मग घंटा झाली आणि मी शालीसकट निघून गेलो.

घोळ झाला तो इथे. शेवटी शाल उतरवून, आता मी पुन्हा तुमचा सर, असं मुलांना सांगायचं असतं. ते अभ्यासक्रमाच्या पुस्तकात पुढच्या प्रकरणात होतं आणि मी तिथवर पोचलो नव्हतो. मुलांच्या लेखी राक्षस राहिला आणि सर गेले. आता वह्या दारातून आत सरकवल्या जातात. मी फळ्याकडे वळलो की बाकं हळूच मागे जातात. हसून दाखवलं तर दोघी रडल्याच. मुख्याध्यापक चष्म्यावरून बघतात. ताई, मला भीती वाटते गं. सगळा वर्ग मला घाबरतो आणि मी एकटा सगळ्या वर्गाला. बाईंसमोर एकही मूल जवळ आलं नाही, तर नोकरी गेलीच म्हणून समज.

भाऊजींना नमस्कार, भाच्यांना लांबूनच पापा.

तुझा, निदान अजून तरी,
भाऊ

ता. क. मॉनिटर मुलीने दाराबाहेरूनच तोडगा सांगितला आहे: "खऱ्या सरांना लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी आणा. त्यांनी सांगितलं तर मानू." तेव्हा बुधवारी ये आणि गुरुवारी वर्गात सांग, की हा माझाच भाऊ.

आणखी ता. क. घंटा झाली असं वर लिहिलं, ते खोटं. घंटेला वेळ होता. एकीने विचारलं, राक्षसाला कशाची भीती वाटते? गोष्टीत त्याचं उत्तर नव्हतं. मी म्हणून गेलो, शाळा सुटल्यावर कुलूप काढून घरात शिरायची, आत कुणीच नसतं. आवाज घोगरा करायचा राहिला. मुलांचा विश्वास बसला तो तेव्हा, आणि मी पळालो तोही तेव्हाच.

शेवटचा ता. क. बाईंचा तास पुढच्या महिन्यावर गेल्याचा निरोप आत्ताच आला. तू बुधवारीच ये.